वाफेची बचत

आमचे हे दूध डेअरीत बॉयलरवर काम करतात. परवा डेअरीने सगळ्या कामगारांना ऊर्जाबचतीचं प्रशिक्षण दिलं. वाफ कुठून निसटते, ती कशी ओळखायची, इंधन कसं वाचवायचं, असं सगळं.

काल सकाळी मी आमटी उकळत ठेवली होती, तर हे स्वयंपाकघरात आले. एरवी पाणीसुद्धा बसल्या जागी मागणारा माणूस!

"अगं, झाकण ठेव. केवढी वाफ वाया जातेय!"

"झाकलं तर उतू जाईल. लक्ष कोण ठेवणार?"

"मी ठेवतो."

आणि खरंच उभे राहिले. गॅस बारीक केला, झाकण जरा तिरकं ठेवलं. थोड्या वेळाने कपाळ पुसत म्हणाले, "इथे फार उकडतं गं. तू रोज अशीच उभी असतेस?"

वाया काय जातंय ते कळायला नीट बघावं लागतं, आणि माणूस एकदा बघायला लागला की त्याला शेजारी उभं असलेलंही कुणी दिसतं.

संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरातल्या खिडकीची गंजलेली खिट्टी तेल घालून सोडवली. वारा आत आला.

"पंख्याची वीज वाचेल," हे माझ्याकडे न बघता म्हणाले.

स्वयंपाकघरात आमच्याकडे पंखा नाहीच. मी म्हटलं, "हो, वाचेल."