हॅट मागायची राहिली

पडदा वर जातो. मागे अबू धाबीबाहेरचं वाळवंट, पुढे कॅमेरा, आणि मधोमध वाळूत आखलेल्या लाल फुलीवर एक माणूस उभा आहे. अंगात खाकी शर्ट, डोक्यावर रुंद कडांची हॅट. सभोवती माणसं दिवे सरकवतात, पांढरी कापडं ताणून धरतात. या माणसाने मात्र काहीच करायचं नाही. उजेड मनासारखा पडला की कुणीतरी म्हणणार, “खलास महादू, थँक्यू,” आणि थंडगार गाडीतून खरा नट उतरणार.

हा महादू मेस्त्री, कुडाळकडचा सुतार. एका अमेरिकन मालिकेचे सेट ठोकायला आला होता. त्याची उंची आणि खांदे मुख्य नटासारखे निघाले, म्हणून हातातली करवत काढून घेऊन त्याला फुलीवर उभा केला. या कामाला तिथे स्टँड-इन म्हणतात. माझी नात संजना त्याच युनिटमध्ये को-ऑर्डिनेटर होती. तिच्यामुळे महादू आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी यायला लागला. त्याचा बाप दशावतारात काम करायचा आणि मी रंगभूमीवर आयुष्य काढलेली. त्यामुळे चहा निवून जाईपर्यंत आम्ही बोलत बसायचो. त्या घरात माझं नाटक ऐकायला दुसरं होतं तरी कोण!

ज्याच्या जागी तो उभा राहायचा त्याचं नाव डेल हॉर्नबेक. अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर केस पांढरे केलेला, पण रस्त्यात कुणी वळून बघू नये असा नट. आधी दुपारच्या मालिकेत डॉक्टर, मग पोलिसांच्या मालिकेत नायकाच्या मागून चालणारा शिपाई, पुढे गुडघेदुखीच्या जाहिरातीतले आजोबा. या मालिकेत तो तेलविहिरींवरचा म्हातारा इंजिनिअर होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं नाव सगळ्यांच्या आधी येणार होतं.

जेवणाच्या सुट्टीत दोघं एकाच छपराखाली बसायचे. महादूचं इंग्रजी गरजेपुरतं, पण गोष्ट कळायला तेवढं पुरतं. डेलसाहेबांनी त्याला सांगितलं की ती डॉक्टरची भूमिका मुळात दुसऱ्या नटाची होती. तो आजारी पडला आणि एका दुपारी निवेदकाने नुसतं जाहीर केलं की आजपासून डॉक्टरचं काम हॉर्नबेक करतील. त्या माणसाने हॉस्पिटलच्या खाटेवरून आपल्याच भूमिकेत दुसरा चेहरा बघितला. “मी त्याला एक फोन करायला हवा होता,” डेलसाहेब म्हणाले. “माझं सगळं करिअर त्या न केलेल्या फोनवर उभं आहे.”

मग महादूने आपल्या बापाच्या कंपनीतली रीत सांगितली. एकाची भूमिका दुसऱ्याने करायची वेळ आली, तर पहिल्याच्या हातून मुकुट घ्यायचा. तो अंथरुणाला खिळला असेल तर उशाशी जाऊन घ्यायचा. न विचारता उचलला तर भूमिका अंगावर येते.

डेलसाहेब खूप हसले. त्यांची हॅट स्वतःची होती, अमेरिकेहून आणलेली. महादूच्या डोक्यावर असायची ती तिची स्वस्त नक्कल. “मग तुला ही हवी झाली तर माझ्याकडे मागशील ना?”

“मागेन, सर.”

“प्रॉमिस?”

“प्रॉमिस.”

मालिकेतलं शेवटचं दृश्य तेवढं उरलं असताना डेलसाहेब सेटवर कोसळले. मेंदूत रक्तस्राव. त्यांना ॲम्ब्युलन्समधून नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दिग्दर्शकाने ठरवलं की इंजिनिअर पाठमोरा टेकडीवरून चालत जातो, एवढंच दाखवायचं आणि ते महादूने करायचं. संजना डेलसाहेबांची खरी हॅट घेऊन त्याच्याकडे गेली.

“त्यांना विचारलंस काय गो?” महादू म्हणाला.

“काका, ते आयसीयूत आहेत. इट्स जस्ट अ वॉक.”

“मग मी जाऊन विचारून येतो.”

“अख्खं युनिट थांबलंय. ऊन सरकतंय. प्लीज.”

“नाटकवाल्या आजीची नात ना तू? मी त्यांना शब्द दिलाय.”

मागून कुणीतरी घाई करत ओरडलं, “यल्ला, हबीबी!” संजना लांब जाऊन फोनवर बोलली आणि परत आली. “नर्सने त्यांच्या कानाला फोन लावला. त्यांनी मान हलवली.”

महादूने हॅट कपाळाला लावली, डोक्यावर घातली आणि चालला. डावा खांदा किंचित खाली टाकून, डेलसाहेब चालायचे तसा. एका टेकमध्ये झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी युनिटला एकत्र उभं करून सांगण्यात आलं की मिस्टर हॉर्नबेक आज पहाटे गेले.

पहाटे. महादूने संजनाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. तिला ते सकाळच्या त्या फोनवरच कळलेलं होतं.

ती घरी येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी तिला रागावले नाही. खेळ थांबू नये म्हणून बोललेली खोटी वाक्यं मी विंगेत पुष्कळ ऐकली आहेत. पण दुसऱ्या दिवशी महादू घरी आला. तो दारातच म्हणाला, “बाई, मी मेलेल्या माणसाची हॅट चोरून घातली.”

पुढे त्याने फुलीवर उभं राहण्याचं काम कायमचं सोडलं. आता तो दुबईत रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये लाकडी खोकी ठोकतो. गणपतीतल्या आमच्या नाटकाचा रंगमंच बांधून देतो, पण स्वतः त्यावर पाऊल ठेवत नाही. माझ्याच्याने त्याची समजूत काढवली नाही.

डेलसाहेब गेले त्याच आठवड्यात त्यांची मुलगी त्यांना न्यायला अमेरिकेहून आली होती. महादूला एकच वाट दिसत होती. वडील गेले, तर परवानगी लेकीकडून मागायची, झालं ते सांगून. संजनाने भेट ठरवली. मीही गेले.

हॉटेलच्या लॉबीत ती बाई एकटी बसली होती. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. महादूने कागदात गुंडाळलेली हॅट तिच्यापुढे धरली. येताना गाडीत तो इंग्रजी वाक्य पुटपुटत होता, ते आता म्हणायला त्याने ओठ उघडले.

तिने हॅट छातीशी धरली आणि फोन पुढे केला. कंपनीने तिला ते दृश्य पाठवलं होतं. छोट्या पडद्यावर एक पाठमोरा माणूस टेकडीवरून दूर जात होता, डावा खांदा किंचित खाली.

“बघा कसे चालतात,” ती म्हणाली. “ते काम अर्धवट टाकून गेले, हेच मला फार लागलं होतं. पण त्यांनी पुरं केलं. तुम्ही तिथे होतात ना? हे त्यांनी स्वतः केलं ना?”

संजनाने माझा हात घट्ट धरला. महादू त्या पडद्याकडे, स्वतःच्या पाठीकडे बघत राहिला. तो माणूस वाळूआड जाईपर्यंत बघत राहिला.

“येस मॅडम,” तो म्हणाला. “ओन्ली हिम. नोबडी एल्स.”