शिक्का तेवढा काकूंचा

जपानमधल्या एदोगावा भागातल्या मराठी मंडळाच्या कुमुदिनीकाकू तेहेतीस वर्षं अध्यक्ष होत्या, आणि एवढ्या वर्षांत निवडणूक ही गोष्ट कुणाच्या स्वप्नातही आली नाही. येईल कशी? मंडळ जन्माला आलं तेच काकूंच्या स्वयंपाकघरात! यजमान मुंबईच्या बँकेतर्फे बदलून आलेले, ओळखीची सहा बिऱ्हाडं, आणि काकूंच्या हातचा मसालेभात. नाटक कुठलं करायचं, गणपती कुठल्या हॉलमध्ये बसवायचा, नव्या बिऱ्हाडाला कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा ते कोण शिकवणार, सगळं काकू ठरवायच्या. ठरलं की कागदावर त्यांच्या नावाचा गोल लाल शिक्का उमटायचा, अगदी सरळ, देवाच्या कपाळावरच्या गंधासारखा.

हे वळण माहेरचं. त्यांचे वडील अण्णा आंबेखिंड नावाच्या चिमुकल्या संस्थानात दरबारचा शिक्का सांभाळत. तिथल्या राजेसाहेबांनी एक दिवस आपणहून कारभार प्रजेच्या हाती दिला. प्रजासभेनं ठराव करायचा, राजेसाहेबांनी शिक्कामोर्तब करायचं, बास. सभेनं लवकरच ठराव केला, राजेसाहेबांचं शिकारीचं रान गुरांना चरायला मोकळं करा. ते रान म्हणजे राजेसाहेबांचा जीव की प्राण. पण त्यांनी कागद वाचला आणि अण्णांना म्हणाले, "मारा शिक्का." पुढं संस्थान गेलं, अण्णा पुण्यात कारकून झाले, पण जेवताना घास हातात धरून म्हणायचे, "नुसतं 'नाही' म्हणाले असते, तर सभेची काय टाप होती! राजाचा बाहुला करून ठेवला मेल्यांनी." ऐकून ऐकून काकूंनाही ते न पाहिलेले राजेसाहेब घरच्यासारखे वाटत, आणि त्यांची कीव येई.

तर अशा काकूंपुढं गेल्या वर्षी मंडळाची घटना आली. मंडळात आता दोनशे घरं. घटना लिहिली होती अक्षयानं. ही पुण्याची सॉफ्टवेअरवाली पोरगी नवखी आली, तेव्हा काकू छत्री घेऊन तिला स्टेशनवर घ्यायला गेल्या होत्या. घटनेत लिहिलं होतं की समिती निवडून येईल, ठराव करील, आणि संस्थापक अध्यक्षा तहहयात राहून ठरावांवर शिक्का मारतील.

"म्हणजे इथल्या सम्राटासारखंच की माझं!" काकू म्हणाल्या. "मान मोठा, काम शिक्क्यापुरतं." सगळे हसले, काकूही हसल्या, आणि हसता हसता शिक्का मारून मोकळ्या झाल्या.

खरी कसोटी पुढंच होती. अक्षया समितीची प्रमुख म्हणून निवडून आली आणि समितीचा पहिलाच ठराव झाला: कार्यक्रमात मुलांना जपानीतही बोलू द्यावं.

काकूंच्या पायाखालची जमीन सरकली. 'स्टेजवर मराठीच' हा नियम त्यांनीच केलेला. त्यांचा मुलगा अद्वैत सात वर्षांचा असताना फोनवर आजीशी जपानीत बोलला होता. आजी एवढंच म्हणाली, "बाळ काय म्हणतंय गं?" त्या दिवशी काकू न्हाणीघरात जाऊन रडल्या होत्या. त्यानंतर किती पोरांचे उच्चार त्यांनी खाऊ देऊन देऊन घासले! 'ळ' जमला म्हणून लाडू, 'ण' जमला म्हणून चकली. काय दिवस होते ते! आता हे सगळं आपल्याच हातानं पुसायचं?

रविवारी दुपारी अक्षया कागद घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता.

"काकू, मुलं पाठ केलेलं म्हणतात, अर्थ कळत नाही. मोठी मुलं तर यायचीच बंद झालीत. म्हणून केला ठराव. पण तुम्ही नाही म्हणालात ना, तर आम्ही मागे घेतो. सगळे तयार आहेत."

बस! नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. काकूंच्या ओठावर आलंही होतं. पण समोरची पोर हात जोडून उभी राहिलेली पाहिली, आणि काकूंचं डोकंच फिरलं.

"मागे घेते म्हणजे? तुझ्या घरचा ठराव आहे का तो? दोनशे घरांनी निवडलंय तुला, ते काय माझ्या तोंडाकडे बघायला? मी मेल्यावर कुणाला विचारशील?"

"काकू, पण तुम्हाला वाईट..."

"वाटतंय! खूप वाईट वाटतंय. ते माझं मी बघेन. आण इकडे."

कागदावर शेजारी शेजारी दोन चौकटी होत्या. डावीकडे अक्षयाचा शिक्का होता. काकूंनी उजवीकडे आपला टेकवला, नीट दाबला आणि उचलला. तो डावीकडे कलला होता.

"हात हलला वाटतं," अक्षया म्हणाली. "दुसरी प्रत आहे माझ्याकडे."

"हात नाही हलला."

अक्षयानं पुन्हा पाहिलं. तिच्या जपानी ऑफिसात हाताखालची जुनी माणसं साहेबाच्या शिक्क्याशेजारी आपला शिक्का असाच मारत, जरासा कलता, साहेबापुढं वाकल्यासारखा. तिला एकदम भरून आलं.

"काकू, असं नका ना करू."

"गप्प बस," काकू म्हणाल्या. "आणि कागद दुमडू नकोस, शाई ओली आहे."