पडदे कोण शिवायचं?

राजवाड्याच्या बागेत शिरलेली माणसं आधी कारंज्यांकडे बघत नाहीत, गाइडबाईंच्या पायांकडे बघतात. बाई उलट्या चालतात. तोंड पाहुण्यांकडे, पाठ राजवाड्याकडे. मध्ये पायऱ्या येतात, उचकटलेली फरशी येते, पाटावरचा अरुंद पूल येतो. बोलता बोलता बाईंची टाच किंचित उचलते आणि बरोबर जागी पडते. कुणीतरी "अहो, पडाल!" म्हणून ओरडतंच.

"माझं सोडा, तुमच्या पायाखाली शेवाळ आहे," बाई शांतपणे सांगतात.

ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्याकडे पाठ कशी करायची, एवढं साधं कारण. तसं त्या इथे आल्या त्या रोपवाटिकेत कुंड्यांना पाणी घालायला. एकदा गाइडचा घसा बसला आणि नेमकी त्याच दिवशी दारात सहल येऊन उभी राहिली. "रोज ऐकतेस ना? मग बोल आज तू," असं म्हणून त्यांना पुढे ढकललं गेलं. बाई बोलल्या. कुंड्या कोरड्या राहिल्या, पण त्यानंतर झारी काही पुन्हा त्यांच्या हातात आली नाही. मग धाकटी पाळण्यात आणि राजघराण्याचा इतिहास मांडीवर, असा अभ्यास सुरू झाला. भाजी करपली की नवरा ओळखायचा, आज नवा राजा गादीवर बसला.

नवरा शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणत. दुकान बागेच्या फाटकासमोर, पण मास्तरांनी आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. "तुझं भाषण घरी रोज फुकट मिळतं, तिकीट कशाला काढू?"

आता बाईंचे गुडघे बोलायला लागले होते आणि निवृत्तीही जवळ आली होती. त्यातच कार्यालयाने कानाला लावायची यंत्रं आणली. पाहुण्याने ती लावावी आणि आपला आपण फिरावं. साहेब म्हणाले, "आवाज तुमचाच हवा, बाई. तुम्ही घरी बसलात तरी बाग तुमच्या आवाजात बोलेल."

बाईंनी तिथे नुसती मान डोलावली. घरी मात्र हे वाक्य मास्तरांना दोनदा ऐकवलं, आणि फोनवर धाकटीला एकदा.

पण रेकॉर्डिंगच्या बंद खोलीत घडलं भलतंच. समोर माइक, भोवती भिंती. बघायचं कुणाकडे? "नमस्कार" म्हणून झालं आणि बाईंच्या जिभेला कुलूप लागलं. पुन्हा बोलल्या, पुन्हा बोलल्या. साहेबांनी ऐकलं आणि अवघडून म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण शोकसभेसारखं वाटतंय. शनिवारपर्यंत बघू. नाहीतर रेडिओवरच्या एक बाई आहेत, त्यांना बोलवावं लागेल."

रात्री ताटावर बाई गप्प.

"अगं, एवढी शांतता? कोणता राजा वारला?"

बाईंनी सगळं सांगितलं. मास्तरांनी बोटं चाटली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "उद्या दुकान बंद. मला दाखव तुझी बाग."

"अहो, आता?"

"मग कधी? रेडिओवाली दाखवेल तेव्हा?"

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगवाल्या मुलीने बारीकसा माइक बाईंच्या गळ्याशी लावला आणि ती चार पावलं लांब राहिली. समोर मास्तर, इस्त्रीचा सदरा घालून, परीक्षेला बसल्यासारखे. बाईंचा पाय मागे पडला आणि जीभ सुटली. कुठल्या चिऱ्याखालून पाणी येतं, कुठल्या झाडाच्या सावलीत दरबार भरायचा, वादळात पडलेला मनोरा कसा उभा केला. गुडघ्यात कळ आली की बाई क्षणभर थांबत, मास्तर नजरेनेच 'बस जरा' म्हणत, आणि त्या मुद्दाम पुढची पायरी घेत.

"या गच्चीवरून राणीसाहेब चंद्र बघायच्या."

"रोज? दुसरं काम नव्हतं?"

"होतं ना. राजाला सहन करायचं."

रेकॉर्डिंगवालीने तोंडावर हात दाबला.

राजवाड्यासमोर आल्यावर बाई खिडक्यांची नक्षी सांगू लागल्या. मास्तरांचं लक्ष नव्हतं. मान वर करून ते डोळ्यांनीच माप घेत होते.

"एवढ्या उंच, रुंद खिडक्या. पडदे कोण शिवायचं गं?"

बाईंनी वळून खिडक्यांकडे पाहिलं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. मग हळूच, "खरंच माहीत नाही हो. इतकी वर्षं मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही."

"कापडाला एवढा पन्हा कुठला मिळायला. जोड दिला असणार. आणि मागे अस्तर नसेल तर उन्हात विरून जाणार. एकट्याचं काम नव्हे ते."

शनिवारी साहेबांनी कानाला यंत्र लावलं. ऐकता ऐकता मांडीवर ताल धरला, राजाला सहन करायच्या वाक्याला मोठ्याने हसले. खिडक्यांपाशी मात्र बटण दाबून थांबले.

"फक्कड झालंय. हे पडद्यांचं तेवढं काढू. गाइडलाच माहीत नाही म्हटल्यावर लोक यंत्र परत आणून देतील."

"मग सगळंच काढा," बाई म्हणाल्या.

"अहो, आवाज जाईल तुमचा."

हवा होता बाईंना तो आवाज, अगदी मनापासून हवा होता. तरी म्हणाल्या, "जाऊ दे. कुणी बांधलं, कुणी राज्य केलं, ते मी जन्मभर सांगितलं. पडदे कुणी शिवले ते ठाऊक नाही, एवढं तरी खरं सांगू द्या. नाहीतर तुमची रेडिओवाली आहेच."

बाई बाहेर येऊन हौदाच्या काठावर बसल्या आणि रागारागाने गुडघा चोळत राहिल्या.

थोड्या वेळाने साहेब बाहेर आले. यंत्र अजून कानालाच होतं. तसेच चालत राजवाड्यासमोर गेले, थांबले आणि वर बघू लागले. बाजूने जाणाऱ्या माळ्याला त्यांनी हाक मारली, वर बोट केलं. आता दोघांच्याही माना वर.

"बाई!" साहेब तिथूनच ओरडले. "खिडकीच्या वर दगडात लोखंडी कड्या आहेत हो! पडद्यांच्याच का?"

बाई उठून जवळ गेल्या, डोळ्यांवर हात धरला. खरंच होत्या.

"असतील. मला नाही सांगता यायचं."

"मग ज्यांना येईल त्यांना आणा की. हेही घालू रेकॉर्डिंगमध्ये."

फाटकासमोरच्या दुकानात मास्तर एका गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप घेत होते. बाई रस्त्यातूनच म्हणाल्या, "अहो, ती टेप घ्या आणि चला. राजवाड्याच्या खिडक्यांचं माप घ्यायचंय."