आबांच्या ठोक्यावरचा अल्बम

"आबा, ठोका ना! बठ्ठा लोक थांबेल शेतस!"

सोनगीरच्या तांबट गल्लीत, भर दुपारी, ड्रमच्या मागे उभा राहून माझा मावसभाऊ बोंबलत होता. समोरच्या ओट्यावर त्याचे वडील, म्हणजे अख्ख्या गावाचे आबा, निवांत तंबाखू मळत होते.

या माझ्या मावसभावाइतका आवाज तापीला महापुरातही करता आलेला नाही. तो पाळण्यात रडला तेव्हा किल्ल्यावरची पाखरं जी उडाली ती थेट नरडाण्याला जाऊन बसली, असं मावशी सांगते आणि मी त्यात काहीच वाढवत नाही. दिसेल ते वाजवायचं, हा त्याचा धर्म. साक्रीला एका लग्नात पंगतीत बसल्या बसल्या त्याने वरणाच्या बादलीवर असा ठेका धरला, की नवरदेवाचा घोडा मांडवात शिरला आणि जिलबी संपेपर्यंत बाहेर निघेना. केस हिरवे करायची लहर आली, तेव्हा पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग त्याने डोक्याला चोपडला. रंग दिवाळीपर्यंत टिकला. शेजारचा गोऱ्हा मात्र तेव्हापासून त्याला आपल्यातलाच समजतो.

त्याचा चौघांचा बँड पॉप पंक वाजवतो. म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "रडगाणंच असतं रे दादा. फक्त पळत पळत म्हणायचं." आबांनी पहिल्यांदा ऐकून एवढंच विचारलं होतं, "गाणं शे का झगडा शे?"

तर या झगड्याला मुंबईच्या एका बड्या कंपनीने करारावर घेतलं. पहिला अल्बम, अकरा गाणी. पोरं वाजतगाजत मुंबईला गेली आणि स्टुडिओत तीन दिवसांत एक गाणं पुरं होईना. कानात मशीनची टिकटिक लावली, की भाऊ दर ओळीला गडबडायचा. रेकॉर्डिंग करणाऱ्या ताईंनी शेवटी विचारलं, "दर वेळी इथेच का अडखळता?"

"अडखळत नाही, ताई. इथे आबा हंडा फिरवतात."

खोटं नव्हतं ते. आबा तांब्याच्या हंड्यावर नऊ ठोके मारत, मग हंडा जरासा फिरवत, पुन्हा नऊ. त्या आवाजात हा झोपला, जेवला, समोर बसून ड्रम शिकला. त्यामुळे बँडची सगळी गाणी नऊ ठोक्यांनंतर केसभर थांबतात. बाकीच्या तिघांना वाटायचं, पॉप पंक असंच असतं.

ताई म्हणाल्या, "शनिवारपर्यंत गाणी द्या, नाहीतर करार विसरा." मग टिकटिकीऐवजी आबांचाच ठोका लावायचं ठरलं, आणि माझ्या पिकअपमध्ये माइक, वायरी आणि ताई, असं सगळं भरून आम्ही सोनगीर गाठलं.

पण आबांनी तीन वर्षांपूर्वीच हातोडा खुंटीला टांगला होता. मशीनचे हंडे आल्यावर हाताचे कोण घेतो? ओरडून ओरडून भावाचा घसा बसला, तरी आबा हलेनात. "मना हात आते चालत नही. मशीनले सांग ना."

तेव्हा मी आयुष्यात प्रथमच माझ्या मावसभावाला हळू बोलताना ऐकलं. तो ओट्याखाली उकिडवा बसला. म्हणाला, "तुमना ठोका नही ते माले वाजाडता येत नही, आबा."

आबांनी तंबाखू झटकली आणि माळ्यावरून एक अर्धवट हंडा खाली काढायला लावला.

दोन दिवसांत अकरा गाणी झाली. तिसऱ्या गाण्याला आबांनी मधेच थांबून पाणी प्यायलं, तर बँडही थांबला. ताईंनी ते तसंच ठेवलं. म्हणाल्या, "एवढं धाडस मुंबईत कुणी करत नाही."

अल्बम निघाला. पोरं आता गावोगाव वाजवत फिरतात. भाऊ फोनवर बोलला, की फोन हातभर लांब धरावा लागतो. परवा धुळ्याहून येताना सोनगीरला उतरलो. गल्लीत शुकशुकाट, आणि ओट्यावर आबा एकटेच तो अर्धवट हंडा ठोकत बसलेले. ना माइक, ना गिऱ्हाईक.

मी म्हटलं, "आबा, अल्बम कधीच झाला. आता कोणासाठी?"

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"हाई बाजू बाकी शे."