चार वाजताचं गोड संकट

डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून दुपारी ऑफिसात गरम काय प्यायचं, या प्रश्नाने मी रडकुंडीला आलो आहे. बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरत नाही. सूपची पाकिटं रोज परवडत नाहीत, आणि त्यांतही मेली साखर असतेच. गुजराती कॅन्टीनची कढी गोड, डाळीचं पाणीही गोड. काल मी कॅन्टीनवाल्या काकांना अक्षरशः हात जोडले. ते समाधानाने म्हणाले, "खांड नथी, गोळ छे." म्हणजे साखर नाही, गूळ आहे.

आज घरून थर्मासमध्ये आमसुलाचं सार आणलं. पहिल्याच घोटाला कपाळावर हात मारला आणि बायकोला फोन लावला. ती मराठी घरातली, पण जन्मापासून बडोद्याची.

"अहो," ती म्हणाली, "साखर कुठे घातलीय त्यात?"