धुलाई भत्ता

सिताराम काकाच्या भिंतीवर तीन फ्रेमा होत्या. एक बुद्धाची, एक बाबासाहेबांची आणि तिसरीत धुलाई भत्त्याचं ॲग्रीमेंट. हसू नका. शिरवणे गावातल्या आमच्या चाळीत कोण हसत नाय त्याला.

काका महाडकडचा. इथं एमआयडीसीत ब्रेकचे लायनर बनवायची कंपनी होती, तिथं तेवीस वर्षं काढली. लायनर घासला की ॲस्बेस्टॉसची पांढरी धूळ उडायची. केसात, भुवयांत, खिशात. सुट्टी झाली की सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे बाहेर पडायचे. कपडे धुवायची मशीन कंपनीत होती, पण कायम बंद. मग काका युनियनचा सेक्रेटरी झाला आणि अकरा दिवस संप केला. आमी कपडे घरी धुतो, तर साबणपाण्याचे पैसे द्या! बाराव्या दिवशी मॅनेजरने सही केली, वर स्वतः पेढे वाटले. तेव्हाच डोक्यात यायला पायजे होतं.

घरी ते कपडे वेणूकाकी धुवायची. आधी दारात झटकायची, मग मोरीत घासायची. माझी आई कामावर असायची तेव्हा ह्याच काकीने मला जेवू घातलंय. तिच्याबद्दल कोण वाकडं बोललं तर मी सोडत नाय.

गेल्या दिवाळीपासून काकीला जिना चढवत नाय. चौथ्या पायरीला बसते. डॉक्टरने तिच्या छातीचा स्कॅन बघितला आणि काकाला विचारलं, "तुम्ही कुठे कामाला होता?"

"मला काय इचारता? आजारी ती हाय."

"म्हणूनच विचारतोय."

तिथून मी काकाला कामगार संघटनेच्या वकील प्रिया मॅडमकडे नेलं. त्या म्हणाल्या, "ते कपडे घरी न्यायचेच नसतात, काका. कायदा आहे. कंपनीने द्यायचे, तिथेच ठेवायचे, कंपनीनेच धुवायचे. कामगाराची छाती तपासायची, नोंद ठेवायची, काम सुटल्यावरही पंधरा वर्षं."

"म्हंजे माझी नोंद असंल."

"तुमची असेल. काकी कामगार नव्हत्या, त्यांचं नाव कुठल्याच रजिस्टरला नाही. तरी आपण तक्रार टाकू. पण कंपनीवाले म्हणणार, आमची मशीन होती, कपडे गेटबाहेर गेलेच नाहीत. काही पुरावा आहे?"

"आहे की! भिंतीवर!" मी बोलून गेलो.

काकाने माझ्याकडे असं बघितलं, की कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं.

येताना बाईकवर मागून एवढंच म्हणाला, "पैली सही माझी हाय त्याच्यावर, रूपेश. तिला काय सांगू? मी भांडून घरी आणलं ते?"

चार दिवस फ्रेम भिंतीवरच. मला राहवेना. "काका, मॅनेजरला घाबरला नाय आणि काकीला घाबरतो?" असं तोंडावर बोललो. त्याने मला हाकलून दिलं.

पाचव्या दिवशी त्यानेच बोलावलं. फ्रेम काढून मांडीवर घेतली होती, समोर काकी. एकटं सांगायची हिंमत नव्हती. तरी सगळं सांगितलं. मशीन, संप, पेढे, कायदा. काकी ऐकत होती. मग म्हणाली, "अवो, धुवायचे पैसे मिळत व्हते?"

"मिळत व्हते."

"मला तर कधी दिलात नाय."

मला हसायला आलं आणि लगेच गेलं. काकीने खोकला येऊ दिला, जाऊ दिला.

"द्या त्या मॅडमला ते. आणि तक्रारीवर पैली सही माझी."

"तुझी कशाला?"

"धुतले कुनी?"

ॲग्रीमेंट जोडून तक्रार मी सरकारी ऑफिसात जमा केली. शिक्का बसला. उत्तर अजून नाय, आणि काकी आता तिसऱ्या पायरीलाच बसते.

काका रोज संध्याकाळी जुन्या कामगारांच्या घरी जातो. दारात उभा राहून विचारतो, "वैनीला खोकला हाय का?" कालच्या घरात विचारण्याआधीच आतून खोकल्याचा आवाज आला. त्या माणसाने काकाला आईवरून शिवी दिली आणि दार आपटलं. मी पुढे झालो तर काकाने माझा दंड धरला.

"ऱ्हाऊदे," म्हणाला. "उद्या परत येऊ."