वारं बघणारे धाकूकाका

धाकूकाकांच्या सदऱ्याच्या खिशात कायम सावरीचा कापूस असे. लग्नाच्या फोटोंसाठी कुठल्याही शेतात उतरलो की ते आधी चिमूटभर कापूस हवेत सोडत आणि तो कुठे जातो ते मान वर करून बघत राहत. नवरानवरी घामाघूम, करवल्या कंटाळलेल्या, माझा जीव खालीवर. आणि हे आपले कापसामागे चाललेले. "बाय, वाऱ्याला इचारायला नगो व्हय?" एवढंच म्हणत.

मी रामनगरची फोटोग्राफर. रंगीत धुराचं खूळ बेळगावकडून आमच्याकडे आलं, तेव्हा मीही स्मोक बॉम्ब मागवले. मुठीएवढं नळकांडं, कडी ओढली की मिनिटभर गुलाबी नाहीतर केशरी धूर. पहिल्याच लग्नात मी ते नवरदेवाच्या हातात दिलं. ते तापतं, हे मला माहीतच नव्हतं. त्याच्या बोटांना टचटचीत फोड आले आणि भर मांडवात त्याने माझा उद्धार केला. त्यानंतर कुणीतरी धाकूकाकांचं नाव सुचवलं. अणशीकडच्या वाडीवरचे शेतकरी. उन्हाळ्यात वणवा अडवण्यासाठी जंगलातला पाचोळा पट्ट्यापट्ट्याने जाळायचं काम त्यांनी अर्धं आयुष्य केलेलं. धूर त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता.

त्यांनी एक लांब बांबू आणला आणि नळकांडं त्याच्या टोकाला तारेने आवळून बांधायची पद्धत पाडली. हातात धरायचं नाही, जमिनीत रोवायचं नाही. शेजारी पाण्याची घागर आणि भिजवलेलं गोणपाट. पहिलं नळकांडं माणसं लांब ठेवून नुसतंच जाळून बघायचं. वर झाडात मोहोळ नाही ना, हे पाहिल्याशिवाय तर पुढचं पाऊल नाही. मी चिडायची. पण एकदा पेटवलं की म्हातारा असा काही रंगात येई! नवरानवरीच्या मागे, वारा पलीकडे जात असेल त्या अंगाला, वाकून चालत तो बांबू जमिनीलगत फिरवी. "धुराला ढकलू नये. वाट दावावी," म्हणे. एकदा ओढ्याच्या गार पाण्यावर त्यांनी धूर असा पसरवला, की खडकावरची नवरी ढगात उभी वाटली. तो फोटो बघून मला कॅसलरॉकपासून खानापूरपर्यंतची लग्नं मिळाली. काकांनी तो निरखून पाहिला आणि म्हणाले, "पोर चांगली दिसतीया. धूर जरा जास्तच झाला."

मग ते वैशाखातलं लग्न आलं. रामनगरजवळच्या शिवारात, नवरीच्या घरच्याच शेतात फोटो काढायचे होते. भात कधीच निघालेलं, खाली नुसती वाळकी धसकटं, आणि कडेला पिंजराची, म्हणजे पेंढ्याची, मोठी गंजी. जनावरांची पावसाळ्यापर्यंतची वैरण ती. सूर्य कलला होता. काकांनी कापूस सोडला. तो आधी गंजीकडे गेला, मग आमच्याकडे आला, मग जागच्या जागी फिरला.

"आता नगो," काका म्हणाले. "वारं फिरायलंय."

"किती वेळ थांबायचं?"

"त्येचं त्येला ठावं."

"ओ आज्जा, धूर सोडायचाय, इमान उडवायचं न्हाई!" नवऱ्याचा एक दोस्त ओरडला आणि सगळे खिदळले. माझ्या हातात उजेडाची दहा मिनिटं उरली होती. माझं डोकं फिरलं. मी काकांच्या हातातून बांबू ओढून घेतला, भुसभुशीत मातीत खुपसला, कडी ओढली आणि कॅमेऱ्याकडे धावले.

"बाय, कापूस बघ!" काका मागून म्हणत होते. मी बघितलं नाही.

पहिले तीन फोटो सुरेख आले. चौथ्याला वारं उलटलं. केशरी धुराने दोघांनाही गिळलं. नवरदेव खोकत एकटाच बाहेर पळत आला. बांबू कलंडला, तार सुटून नळकांडं धसकटात पडलं आणि खाली आगीची जीभ दिसली. नवरी आतच होती. तिच्या बांगड्यांचा आवाज तेवढा येत होता, आणि तो आगीकडे सरकत होता.

"बस, पोरी!" काका कडाडले. "हाय तिथंच बस! तोंड भुईला लाव!"

बांगड्या थांबल्या. काका गोणपाट घेऊन धुरात शिरले. धपाधप मारल्याचा आवाज आला. तेवढ्यात ते नळकांडं वाऱ्याने गडगडत गंजीकडे निघालं. काकांनी ते नुसत्या हाताने उचललं आणि घागरीत कोंबलं.

धूर विरला. नवरी जमिनीला कपाळ टेकून बसली होती, केशरी तोंडाची, पण धडधाकट. गंजीपासून चार हातांवर जमीन काळी पडली होती.

"पेटवलं कुणी?" नवरीच्या वडिलांनी विचारलं. आरडाओरडा ऐकून घरातून धावत आले होते ते, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. त्यांच्याबरोबर आलेले सगळे काकांकडे बघायला लागले. बांबू त्यांचाच होता. मी गप्प राहिले. हे लिहितानाही लाज वाटते. काका भाजलेला हात पाण्यात बुडवून माझ्याकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हिनं. मी नगो म्हणत व्हतो."

दोन महिने मी धुमसत होते. ठरलेली लग्नं हातची गेली, ती काकांमुळेच, असं मी स्वतःला पटवलं होतं. शेवटी भांडायलाच त्यांच्या वाडीवर गेले. त्यांनी डाव्या हाताने कोकमाचं सरबत पुढे केलं. उजव्या हाताची तीन बोटं आखडली होती, सरळ होत नव्हती. माझा आवाज निम्म्यावर आला.

"काका, माझं नाव का घेतलंत?"

"तुज्याकडं बघितलं की मी. तूच सांगशील म्हणून लई येळ बघितलं." मग म्हणाले, "माज्यावर घेतलं असतं गं. म्हाताऱ्याला कोण काय करतंय? पर मग फुडच्या लग्नातबी तू वारं बघितलं नसतंस."

मी तिथेच ओसरीवर रडले. ते रिकामा पेला घेऊन आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

त्यानंतर दोन लग्नसराया ते माझ्याबरोबर आले. बांबू मी धरायची. गेल्या वर्षी ते झोपेतच गेले.

आता कुणी धुराचे फोटो मागितले, की मी आधी मुलीच्या आईवडिलांना समोर बसवते. एकदा माझ्या हातून शेतात आग लागली, थांब म्हणणाऱ्याचं मी ऐकलं नाही, आणि कुणी पेटवलं असं विचारलं तेव्हा मी तोंड उघडलं नाही, हे सगळं सांगते. काही घरं ऐकून लगेच नको म्हणतात. तिथे मी नळकांडी गाडीतच ठेवते आणि नुसता कॅमेरा बाहेर काढते.